फुटपाथवर राहणाऱ्या टीबीच्या रुग्णाला निवारा आणि सोबत कशी मिळवून द्यावी?

आधी तपासणी, मग निवारा. उलटं केलंत तर खोकला ऐकून रात्रनिवारा दारातूनच परत पाठवू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात. निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) लिहून घ्या, म्हणजे माणूस दादरहून कल्याणला गेला तरी उपचार पुढे चालू ठेवता येतात. धाप लागली किंवा थुंकीतून रक्त आलं, तर थेट 108.

साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगा; नाहीतर रक्त समजून पाकीट गटारात जातं. उपाशीपोटी मळमळतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून चहा-पोळीसोबत द्या. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, विशेषतः दारू पिणाऱ्याला.

पोषणासाठी सरकारकडून दरमहा 1000 रुपयांच्या हिशेबाने पैसे बँकेत जमा होतात. खातं नसेल तर जनधनचं छोटं खातं फोटो आणि अंगठ्यावर उघडता येतं.

सोबतीला रोज ठरल्या वेळी एकच माणूस जावा, बसणं उघड्यावर, रुग्णाला मास्क. आणि बोचकं कुठे ठेवणार ते विचारा! निवारा नाकारण्याचं कारण बरेचदा तेच असतं.