'सेनापती' कोणाकोणाला म्हणावे?

दादरच्या एका वाचकांनी विचारले आहे : कान्होजी आंग्रे, थोरले बाजीराव आणि चिमाजी आप्पा यांच्या कर्तृत्वाची तुलना करताना तिघांनाही 'सेनापती' म्हटले तर चालेल का?

चालणार नाही. तिघांपैकी एकाकडेही ते पद नव्हते. आज 'सेनापती' म्हणजे लढाईत सैन्य चालवणारा कोणीही, असा सैल अर्थ रूढ झाला आहे. मराठी राज्यात मात्र ते छत्रपतींनी द्यायचे पद होते आणि शाहू महाराजांच्या काळात १७१७पासून ते दाभाड्यांकडे होते. १ एप्रिल १७३१ रोजी डभोईला पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे एकमेकांसमोर उभे ठाकले आणि त्रिंबकराव पडले. मागे गुजरातच्या हक्कांचा वाद होता. बाजीरावांनाच सेनापती करून टाकले, तर डभोईला नेमके काय झाले हे वाचकाला कळायचेच नाही. निजामाविरुद्धची पालखेड (१७२८) हीदेखील एका पेशव्याची मोहीम आहे, आणि बाजीरावांचे मोठेपण जोखताना ही गोष्ट धरायलाच हवी.

कान्होजी 'सरखेल'. फारसीत 'सर' म्हणजे प्रमुख. 'खेल' मूळचा अरबी, घोडदळाशी नाते सांगणारा. मराठ्यांकडे मात्र ही पदवी आरमारप्रमुखाची म्हणून ओळखली गेली. त्यामुळे कान्होजींची मोजपट्टीही निराळी. त्यांनी किती मुलूख जिंकला हे विचारण्यात अर्थ नाही; समुद्रावरचा हक्क कसा राखला, ते पाहावे. मुंबईच्या इंग्रजांचा १७१८चा खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते कुलाब्यावर चालून गेले, तेही व्यर्थ. मुंबईत नौदलाच्या तळाला आंग्रे हे नाव आहे ते यासाठीच.

चिमाजी आप्पांसाठी 'सेनानी' लिहावे, किंवा सरळ 'वसई मोहिमेचे प्रमुख' (१७३७–३९). 'सेनानी' कोणत्याही पदाशी बांधलेला नाही, म्हणून तुलनात्मक लेखात तिघांना मिळून एकच शब्द हवा असेल तर हाच निर्धोक.

'सरनोबत' वापरताना जास्त जपावे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांत सेनापती म्हणून आले ते घोडदळाचे सरनोबत, म्हणजे प्रमुख, हंबीरराव मोहिते, त्यामुळे 'सरनोबत म्हणजेच सेनापती' असे बेधडक लिहिले जाते. पण पायदळाचा सरनोबत वेगळा असे, आणि गडावरही हवालदार, सबनीस यांच्या बरोबरीने एक सरनोबत असेच. आधी 'घोडदळाचा', 'पायदळाचा' किंवा 'गडाचा' हे लावल्याशिवाय हा शब्द लिहू नये; नाहीतर एखाद्या गडावरचा अधिकारी लेखात अख्ख्या फौजेचा प्रमुख होऊन बसतो.

पदाबरोबर काळही सांगावा. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव दोघांनाही सेनापती म्हणणे बरोबर आहे, पण ते पद दोघांकडे एकाच वेळी नव्हते, आधी संताजींकडे आणि मग धनाजींकडे आले. 'सेनापती संताजी-धनाजी' ही जोडी म्हणूनच खटकते.