खानापूरच्या स्तन-कॅन्सर तपासणी शिबिरात मॅमोग्राफीऐवजी (स्तनांच्या एक्स-रेऐवजी) स्वस्तातला थर्मल कॅमेरा चालेल का?

ताई, एकट्या थर्मल कॅमेऱ्यावर शिबिर घेऊ नका. किरणं नाहीत, दुखत नाही, अंगाला हात लागत नाही, म्हणून बायका पटकन तयार होतील हे खरं. पण तो फक्त त्वचेची उष्णता टिपतो; मॅमोग्राफीला हा पर्याय नव्हे, असं अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेनेही बजावलं आहे. ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद मिळाला की पुढे गाठ लागली तरी बाई गप्प बसते. मला भीती त्याचीच वाटते.

मॅमोग्राफीची व्हॅन मिळत नसेल तर हाताने तपासणी करा. मुंबईत टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तरुण बायकांच्या घट्ट स्तनांत मॅमोग्राफीतूनही गाठ निसटते, तिथे सोनोग्राफी लागते.

पण त्याआधी ठरवा: संशय आला तर बेळगावला कोण नेणार, बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा) खर्च कोण उचलणार? आणि संमतीपत्र कन्नडबरोबर मराठीतही छापा. जांबोटीकडच्या आजींना ते वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.