चित्र वाचताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीताबर्डीहून एका पहाडी शैलीतल्या (हिमालयाच्या पायथ्याकडच्या) चित्राची छापील प्रत आणली. काळी रात्र, आभाळात वीज, निळ्या वस्त्रातली एकटी बाई आणि तिच्या पायाशी साप. खाली ‘राधा’ असं छापलंय. सासूबाई म्हणतात साप अशुभ, मैत्रीण म्हणते साप म्हणजे वासना. मग याला आध्यात्मिक प्रेम कसं म्हणायचं? (एक वाचक, धंतोली, नागपूर)

उत्तर : दोघींचंही तूर्त बाजूला ठेवा. ही अभिसारिका, म्हणजे प्रियकराला भेटायला स्वतःहून निघालेली नायिका. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी एक. अंधाऱ्या रात्री निळं-काळं नेसून निघते ती कृष्णाभिसारिका, चांदण्यात पांढरं नेसते ती शुक्लाभिसारिका. तेव्हा निळा रंग आधी लपण्यासाठी आहे, त्यातली भक्ती नंतरची.

आता तिची नजर पाहा. अशा बऱ्याच चित्रांत पैंजण गळून पडलेलं असतं आणि ती मान वळवून त्याच्याकडे बघते, सापाकडे नाही. सगळी मेख इथेच आहे. साप वाटेवरचा धोका दाखवतो, तिचं मन नव्हे. तिने सापाकडे पाहिलं असतं तर ते भीतीचं चित्र झालं असतं. पैंजण वाजलं की चाहूल लागते, त्यामुळे ते गळणं तिच्या सोयीचंच. लोकलाज गळाली असंही वाचता येतं, पण हा अर्थ पहिल्यावर उभा आहे, त्याच्या जागी नाही.

मग आभाळ. वीज वाट उजळते. शिवाय बाई राधा असेल तर काळा मेघ म्हणजे घनश्याम आणि त्यातली सोनेरी रेघ म्हणजे गोरी राधा. कृष्ण चित्रात कुठेच नाही, तरी भेट वर आभाळात झालेली आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, म्हणजे विरहाची पदं, ऐकलेल्यांना हे नवं वाटू नये. तिथे शृंगार आणि भक्ती अशी वेगळी खाती नाहीत.

फक्त ‘राधा’ हे नाव छापणाऱ्याचंही असू शकतं. मूळ चित्राच्या मागे किंवा वरच्या समासात पुष्कळदा पद्य लिहिलेलं असतं, प्रतीत ते कापलं जातं. मूळ चित्र कुठल्या संग्रहात आहे ते शोधून ते पद्य आधी वाचा. पद्यात राधा नसेल, तर मेघाचा अर्थ सोडून द्यायची तयारी ठेवा.

प्रश्न : दुसऱ्या एका चित्रात यमुना काळपट आहे. हे विरहाचं प्रतीक का?

उत्तर : बहुधा नाही. पाण्यासाठी पुष्कळदा चांदी लावत, आणि चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. चित्रकाराने नदी चमकतीच काढली असणार. विरह शोधायचा तर रिकामी शेज, दोघांमधलं अंतर, झाडाला न बिलगलेली वेल पाहा.

आणि प्रत पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नका. आपल्याकडच्या उन्हात छपाईच्या शाईतले पिवळा-लाल सहसा आधी उडतात, निळा मागे राहतो. मग पीतांबरही फिका पडतो, आणि त्याचा अर्थ लावत बसायची वेळ येते.