बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. ५६०० टाकायचा तर दुकानदार म्हणतो बी५५० बोर्डही घ्या. घ्यावा का?

नको, एवढ्यासाठी बोर्ड बदलू नका. दोन्हीचं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएम४च आहे आणि बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की ५६०० बी४५० वर बिनघोर चालतो. कोल्हापुरात मी असेंब्ली-रिपेअरचंच काम करतो, अशी मशीन कायम हाताखालून जातात. बी५५० मध्ये मिळतं ते मुख्यतः पीसीआयई ४.० (ग्राफिक कार्ड, एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग; बी४५० वर ३.० असतो). त्यावर चांगली एसएसडी सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास वाचते, बी४५० वर साधारण ३५०० ला अडते. टॅली, फोटोशॉप, गेम यांत हा फरक हाताला लागत नाही. ते पैसे रॅममध्ये घाला.

अपडेट मात्र नीट करा:
- आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर यादी बघा.
- जुना ३६०० बसलेला असतानाच, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून अपडेट करा.
- यूपीएस लावूनच. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, आणि अर्धवट बायोस म्हणजे बोर्ड बंद.

अपवाद एकच: आरएक्स ६५०० एक्सटीसारखं पीसीआयईच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरणारं ग्राफिक कार्ड असेल, तर ३.० वर ते खरंच मार खातं. तिथे बी५५० घ्या.