हात बधिर होतात म्हणून फोर्क बदलू नकोस, आधी रिबाउंड उघड

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. वजन 70 किलो, हार्डटेल सायकल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे 120 मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, हवेवर चालणारा एअर फोर्क. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या बाजूच्या कच्च्या वाटांनी उतरताना पहिले चार-सहा दगड मऊ जातात, मग फोर्क एकदम कडक होतो आणि खाली येईपर्यंत तळहात बधिर. दुकानात सांगितलं म्हणून हवा 80 पीएसआयवरून 60 वर आणलीस, तर त्रास उलट वाढला. आता 140 चा नवा फोर्क घेऊ का, असं विचारतोयस.

घेऊ नकोस. "पहिले मऊ, मग कडक" हे तूच लिहिलंयस आणि आजार तोच आहे: रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार हळू लावलेला आहे. तो खुंटीने बदलतो: उघडला की फोर्क झटकन वर येतो, बंद केला की हळू.

आपल्याकडच्या लाल रस्त्यांवर मोठे खड्डे क्वचितच त्रास देतात. त्रास असतो तो जांभ्याच्या रुतलेल्या खड्यांचा आणि ट्रॅक्टर-टिप्पर जाऊन जाऊन उठलेल्या आडव्या लाटांचा. दोन लाटांत अर्धा मीटर अंतर धर आणि वेग ताशी 20 किमी. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजेच सेकंदाला 11 धक्के. एका धक्क्यात दबलेला फोर्क एक दशांश सेकंदाच्या आत वर आला नाही, तर दुसरा धक्का त्याला खालीच गाठतो, तिसरा त्याहून खाली. असं होत होत तो बसून राहतो. आतली हवा आधीच दाबलेली, पुढे सरकायला जागा उरलेली नाही, म्हणून हाताला कडक लागतो. तू हवा कमी केलीस तेव्हा फोर्कला वर ढकलणारा जोर घटला आणि रिबाउंड मात्र होता तेवढाच राहिला. त्रास वाढणारच होता. हवा आणि रिबाउंड ही जोडी आहे: हवा वाढवली तर रिबाउंड एखादा क्लिक (खुंटीचा एक टप्पा) हळू करायचा, हवा काढली तर तेवढा मोकळा करायचा.

फोर्कला हात लावण्याआधी टायर बघ. दुकानात सवयीने 40-45 भरून देतात. तुझ्या वजनाला 2.2 इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर 28 ते 30, ट्यूबलेस असेल तर 22 ते 25 पीएसआयपासून सुरुवात कर. बारीक खडी टायरनेच गिळायची असते, ते काम फोर्कचं नाही.

मग सॅग, म्हणजे नुसत्या तुझ्या वजनाने फोर्क किती दबतो ते. पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट, जे घालून चालवतोस ते सगळं अंगावर पाहिजे. लॉकआउट (फोर्क गोठवणारी खुंटी) आणि कॉम्प्रेशन (फोर्क दबण्याचा वेग आवरणारी खुंटी) पूर्ण उघडं ठेव. मित्राला सीट धरायला सांग, पेडलवर उभा राहा, गुडघे-कोपरं जरा वाकवून, उतारावर राहतोस तसा. दोन-चारदा दाबून स्थिर हो. मित्राने स्टँचनवरची (फोर्कची वरची गुळगुळीत नळी) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, ती नळी जिथे आत जाते तिथल्या सीलपर्यंत सरकवायची आणि तू अलगद उतरायचं. सील ते ओ-रिंग अंतर मोज. 120 च्या फोर्कला 24 मिमी म्हणजे 20 टक्के, तिथून सुरू कर. अंतर जास्त आलं तर हवा 5 पीएसआय वाढव आणि दरवेळी फोर्क हळूहळू दहाएक वेळा दाब, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतली हवा सारखी होते. फोर्कसाठीचा हातपंप, म्हणजे शॉक पंपच वापर, पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर नको. पंप काढताना येणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, त्याला घाबरून जादा भरू नकोस.

हे काम ज्या वेळी चालवतोस त्याच वेळी कर. दुपारी 35 अंशात भरलेले 75 पीएसआय थंडीत पहाटे 18 अंशाला साधारण 70 होतात. चोर्ला घाट उतरून गोव्याकडे गेल्याने मात्र जेमतेम एक पीएसआयचा फरक पडतो, तो विसर.

आता मुख्य काम. रिबाउंडची खुंटी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत फिरव, जोर लावू नकोस. तिथून उघडत क्लिक मोज आणि आकडा लिहून ठेव. सपाट जागी हँडल जोरात दाबून हात झटकन वर घे. चाक जमिनीवरून उडालं तर जास्त मोकळं झालं, एक क्लिक बंद कर. उडत नाही अशी सगळ्यात मोकळी जागा ही तुझी सुरुवात. मग लाटांचा एकच शे-दोनशे मीटरचा तुकडा निवड आणि तोच परत परत, त्याच वेगाने उतर. दर खेपेला एकच बदल, एकच क्लिक. शेवटच्या लाटेवरही पहिलीसारखंच लागलं की थांब. हँडल हातातून उसळायला लागलं तर एक क्लिक मागे ये.

कॉम्प्रेशन सध्या उघडंच राहू दे. ब्रेक दाबल्यावर नाक फार खाली जात असेल तरच दोन क्लिक दे. मोठ्या उडीवर फोर्क तळाला ठोकत असेल तर आत एक टोकन (हवेची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा) टाकायचं, हवा वाढवायची नाही.

140 च्या फोर्कने पुढचा भाग 20 मिमी उचलला जातो, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) जवळपास एक अंश मागे पडतो आणि फ्रेम बनवणाऱ्याने तेवढ्याला परवानगी दिलेली असेलच असं नाही. पैसे सर्व्हिसला ठेव बघ.

सर्व्हिसची वेळ आली की नाही, हे सॅग मोजतानाच कळतं. एकदा फोर्क दाबून हळू वर येऊ दे आणि मोज. मग हँडल उचलून हळू खाली बसू दे आणि मोज. दोन आकड्यांत पाच-सात मिमीचा फरक असेल तर आत घर्षण आहे आणि कुठलाही क्लिक कामाचा नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात फिरून आल्यावर सीलच्या कडेला लाल चिखलाची बारीक रेघ बसते बघ, ती वाळली की सँडपेपरचं काम करते. घरी आल्या आल्या मऊ ओल्या फडक्याने पूस. मोटारसायकल धुतात तो प्रेशरचा फवारा सीलवर कधीच मारू देऊ नकोस, पाणी थेट लोअर्समध्ये, म्हणजे फोर्कच्या खालच्या जाड पायांत, जातं. साधारण 50 तास चालवल्यावर लोअर्स उतरवून तेल बदलून घे. पावसाळ्यात तर त्याआधीच.

एवढं करूनही हात बधिर झाले तर ब्रेक लिव्हरचा कोन बघ. लिव्हर फार खाली वळलेले असले की मनगट वर मोडतं आणि सगळा भार तळहाताच्या मधल्या भागावर येतो. बोट ठेवल्यावर मनगट आणि हात एका रेषेत येईल इतके लिव्हर वर फिरव. मग पिशवीसकट वजन, हवेचा आकडा, सॅग आणि क्लिक इथे लिही, पुढचं बघू की.