जिंकूनही खर्च माझ्याच माथी?

प्रश्न : इंग्लंडमध्ये घराच्या निकृष्ट बांधकामाबद्दल मी ठेकेदारावर दिवाणी दावा लावलाय. त्याने पार्ट 36 (दिवाणी कोर्टाच्या नियमांतला तडजोडीच्या ऑफरचा भाग) खाली लेखी देऊ केलेले 40,000 पौंड मी नाकारले. कोर्टाने 35,000च दिले तर?

उत्तर : तर जिंकूनही पस्तावाल. अशी ऑफर स्वीकारायला किमान 21 दिवस असतात. तोवरचा तुमचा खर्च साधारणपणे ठेकेदारच देतो. त्यानंतरचा त्याचा खर्च, म्हणजे वकील, तज्ज्ञांचे अहवाल, सुनावणी हे सगळं, व्याजासह तुमच्यावर येतो. न्यायाधीशांना हे अन्यायाचं वाटलं तरच सुटका. भिंतींना तडे गेलेलं घर पाहून तुमचा जीव किती जळत असेल, कळतं मला. पण त्याने ऑफर लेखी मागे घेतली नसेल, तर नाकारल्यानंतरही ती सहसा स्वीकारता येते. आजच सॉलिसिटरला ते पत्र दाखवा.