मिशीआडचे दात

तो आला तेव्हा जूनचा पाऊस होता आणि त्याची मिशी भिजून ओठावर चिकटली होती. वय पंचवीस. मूळचा इचलकरंजीचा, नोकरी पुण्यात. दोन मुलाखतींत आवाजच फुटला नव्हता, म्हणून मोठ्या बहिणीने माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अर्धा तास मुलाखतीबद्दल बोलून झालं आणि मग उठता उठता त्याने खरं विचारलं, "मॅडम, या वयात दातांना तारा लावल्या तर दात ढिले होतात म्हणतात. खरं का?"

पुढच्या दोन दातांत फट होती. मिशी त्यासाठीच. बोलताना तो वरचा ओठ खाली ओढून धरायचा, 'फ' आणि 'व' त्यामुळे अर्धवट यायचे. आईचं म्हणणं, फटीचा माणूस पैशाला कमी पडत नाही, हात लावू नको. मित्र म्हणायचे, ते शाळेतच करायचं असतं.

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, बहुतेक लग्नाची बोलणी सुरू झाली की. मी दातांची डॉक्टर नाही, पण इतकं सांगू शकते: दात हाडात रोवलेला खिळा नसतो. तारेचा हलका दाब पडला की एका बाजूचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. पंचविशीत काय, चाळिशीतही हे घडतं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर. हलवताना दात थोडे डुगडुगतात, ते त्या कामातच येतं. वयाची खरी अडचण जबड्याची. त्याची वाढ थांबलेली असते, त्यामुळे जबडाच फार पुढे किंवा मागे असेल तर नुसत्या तारेने भागत नाही, कधी शस्त्रक्रिया लागते.

त्याला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वेडेवाकडे दात जागेवर आणणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. परतला तो रागावून. "दोन महिन्यांत फट बुजेल असं वाटलं होतं. म्हणतात वीस महिने! आणि तारा आत्ता नाहीतच."

डॉक्टरांचा कागद उघडून दोघांनी वाचला. हिरड्यांतून रक्त, दातांच्या मुळाशी कीटण. सूज असताना तारेने दात हलवले तर हाड आणखी खचतं, म्हणून आधी हिरड्या. दुसरं, त्याचे वरचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकत होते. खालचे दात वरच्यांच्या मागे इतके वर टेकत होते की फट मिटवायला वरचे दात मागे घ्यायचे म्हटलं तरी जागाच नव्हती. आधी चावा उघडायचा, म्हणजे वरचे दात खालच्यांवर इतके चढणार नाहीत असं करायचं, मग फट मिटवायची. डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मला आवडलं. एक्स-रे न काढता, हिरड्या न बघता दात सरळ करायचे घरपोच साचे विकणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

आता माझा भाग. मी त्याला गृहपाठ दिला: मुलाखतीतलं एक उत्तर फोनवर रेकॉर्ड कर, फक्त आवाज. चेहरा नाही, दात नाहीत, समोर कोणी नाही. पुढच्या वेळी दोघांनी ऐकलं. तिथेही तो तिसऱ्या वाक्याला अडकला होता, तेच "म्हणजे... म्हणजे..."

बराच वेळ तो फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दातांचा दोष नाही?"

दातांचा दोष होता, पण सगळा नव्हता. चावा दुरुस्त करायला हवाच होता. पुढे दात झिजले असते. मात्र तारा काढल्या की दुसऱ्या दिवशी मुलाखत फत्ते, हा हिशेब मी त्याला तिथेच खोडायला लावला. दातांचं काम डॉक्टरांकडे, अडखळण्याचं माझ्याकडे, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू.

तीन महिन्यांनी तारा लागल्या. पहिले चार दिवस मऊ भात आणि वरण. गालाला सोलवटलं की मेणाची गोळी. मक्याचं कणीस सुरीने सोलून, चिक्की बंद, पेरू फोडी करून. ऑफिसातल्या बेसिनपाशी तो छोट्या ब्रशने तारांखालून पोह्यांचे कण काढायचा, पहिल्यांदा दार लावून, पुढे पुढे उघडं ठेवून.

त्याला खरं बोचलं ते रिटेनर. बंद केलेली फट पुन्हा उघडायला बघते, म्हणून नंतर दातांमागे बारीक तार चिकटवतात आणि ती वर्षानुवर्षं ठेवावी लागते. "जन्मभर?" तो म्हणाला. यावर मी गोड काही बोलले नाही. हो, जवळजवळ जन्मभर. हे तारा लावण्याआधीच विचारून घ्यायला हवं.

आठव्या महिन्यात तो आला तेव्हा मिशी नव्हती. फट अजून होती, निम्मी. आईने काय म्हटलं, विचारलं.

"म्हणाली, फट गेली की पैसा जाणार. मी म्हटलं, आई, तो आधीच निघालाय, दर महिन्याला हप्त्याने."

आणि तारांसकट हसला.